पिंगळीचं पोतं

॥ श्री ॥
पिंगळी,
३ नोव्हेंबर २०२५

चि. भागवत यास आजीकडून पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या बहिणीनं, शालूनं, दोनदा वाचून दाखवलं. फोनवर तुझं निम्मं बोलणं वाऱ्यावर जातं, म्हणून पत्रच बरं. हे पण तीच लिहून घ्यायलीय. मी लय भरभर बोलते म्हणून कुरकुरायलीय बी.

तुमी पार्सलच्या हमालांनी काम बंद केलं, ते कळालं. नवा ठेकेदार म्हणतो की एका गाड्याला एकच माणूस, अन् डब्यातलं पोतं बी एकट्यानंच उतरवायचं. तुझा जोडीदार बजरंग याच्या पायावरून गाडा गेला तो ह्याच एकट्याच्या हट्टापायी. मग बसलात ते बरं केलं. तुझे आजोबा दोनशे मेंढरं राखायचे, पण एकट्यानं कवाच न्हाई. एक माणूस पुढं, एक मागं.

पण निकिताचं काय? लग्नाला सहा महिने झाले न्हाईत. ती बिचारी स्कुटीवरून घरोघर पार्सल वाटती, अन् नवऱ्यानं पार्सलच उतरवायचं बंद केलं! बायकोचं काम बंद पाडणारा नवरा आपल्या घराण्यात तू पहिलाच.

उपाशी बसू नका. तुम्हा धा जणांसाठी पोतं भरलंय. ज्वारीचं पीठ, कडक भाकरी, कारळाची चटणी. शेजारच्या बबितानं परभणीला नेऊन गाडीत चढवलं. पावती सोबत हाय. मेंढराला ओढतो तशी पोत्यावर गेरूची दोन बोटं ओढलीत, लांबून कळंल.

जेवत जा, अन् बायकोशी नीट वाग.

तुझी आजी भिवराबाई
(नि. अंगठा)


स्टेशन लाईन,
८ नोव्हेंबर २०२५

ती. आजीच्या पायावर भागवतचं डोकं. विशेष.

आजी, तू संपातल्या माणसांसाठी पोतं पाठवलंस, आणि पाठवलंस कशानं? तर रेल्वेच्या पार्सलनं! ते उतरवायचं कुणी? आम्हीच ना!

मंगळवारी गाडी आली. पार्सलच्या डब्याचं दार उघडं होतं आणि आत तुझी दोन लाल बोटं. शालूनं फोनवर खूण सांगितली होती, म्हणून बजरंगनं लांबूनच ओळखलं. पाच मिनिटांनी गाडी सुटली, पोतं पुढं गेलं. बुधवारी उलट्या गाडीनं परत आलं, पुन्हा आमच्यासमोरून गेलं. आजवर चार वेळा दर्शन झालं. आता ते आलं की सगळी टोळी उभी राहून हात जोडते.

ठेकेदाराचा साहेब मोठा गोड बोलला. म्हणाला की तुमच्या घरचं पोतं आहे, तेवढं एक उतरवून घ्या, कोण बघतंय. टोळी बसली, बोलली, आणि नको म्हणाली. आज आपलं उतरवलं तर उद्या दुसऱ्याचंही उतरवावं लागेल.

निकिता बोलत नाही. तिच्या ऑफिसानं सांगितलंय की सोमवारी, सतरा तारखेपर्यंत, पार्सलं सुरू झाली नाहीत तर स्कुटीची किल्ली जमा करायची. किल्ली गेली की काम गेलं. ती माझ्याकडं बघते तेव्हा मला त्या पोत्यापेक्षा तिचीच जास्त भीती वाटते. पण बजरंगचा पाय बघितला की मागंही सरकवत नाही.

शालूला बारावीचा अभ्यास कर म्हणावं. तुझी माया आहे म्हणून आमचं निभतंय.

तुझा भागवत


पिंगळी,
११ नोव्हेंबर २०२५

नातसून निकिता हिला आजीचा आशीर्वाद. हे पत्र तुला हाय, भागवतनं वाचू नये.

माझ्या पोत्याची कथा साऱ्या पिंगळीत झाली. लोक विचारायलेत की तुमचं पोतं आज कुठवर फिरायला गेलं. मी सांगते, माझ्या आयुष्यात मी जेवढी गाडीत बसले न्हाई तेवढं ते बसलं.

चूक माझी. पण पोरी, पावती तुमच्याकडं हाय. पावती ज्याच्या हातात, माल त्याचा. तू हमाल न्हाईस, संपावर न्हाईस. तू जा, डब्यात चढ अन् आपला माल घे. त्यानं त्यांचा संप मोडत न्हाई, अन् धा माणसं जेवतात.

नवऱ्यावर रुसायचं असंल तर रूस, मी अडवत न्हाई. पण पोट भरून रुसावं, मग जोर येतो.

आजी
(नि. अंगठा)


स्टेशन लाईन,
१६ नोव्हेंबर २०२५

ती. आजीबाईंना निकिताचा वाकून नमस्कार. तुमच्या आशीर्वादानं सगळं गोड झालं, ते सविस्तर लिहिते.

शुक्रवारी पावती दाखवून मी डब्यात चढले. हे आणि बजरंगभावजी समोरच्या बाकावर हात मांडीखाली दाबून बसले होते, चुकून मदतीला उठू नये म्हणून. मी पोतं ओढलं. जागचं हललं नाही. गार्ड शिट्ट्या मारायला लागला, तसे ठेकेदाराचे साहेब पळत आले. मी म्हटलं की तुमच्या नियमानं एका पोत्याला एक माणूस, मी एकटीच आहे, वेळ लागणारच.

त्यांनी मला बाजूला केलं, बाह्या सारल्या, पोत्याला मिठी घातली आणि उचलायला गेले ते पोत्यासकट खालीच बसले. पोतं मांडीवर, साहेब खाली! गार्ड ओरडला की गाडी लेट होतेय, दुसरा माणूस लावा. तेव्हा साहेबांनीच मला विनवलं की ताई, एक टोक धरा. मी धरलं, आणि पोतं खाली आलं. सगळा प्लॅटफॉर्म हसत होता.

बजरंगभावजी एका पायावर उड्या मारत आले. त्यांनी साहेबांना साऱ्यांदेखत विचारलं की आत्ता जे बोललात ते लिहून कधी देता. गार्डही म्हणाला की मी ऐकलंय. काल कागद झाला. गाड्याला दोघं, जड मालाला दोघं. रात्रीच टोळी कामाला लागली, आणि आज रविवार असून मी एकसष्ट पार्सलं वाटली. किल्ली माझ्याच कमरेला आहे.

यांच्याशी बोलायला लागले. आधी तासभर भांडले, मग बोलले.

पण आजीबाई, एक विचारायचंय. आज पीठ काढताना हाताला दगड लागला. पोतं रिकामं केलं तर बुडाशी अख्खा पाटा! भावजी म्हणतात की आजीनं डाव टाकला. खरं काय ते कळवावं.

तुमची निकिता


पिंगळी,
२० नोव्हेंबर २०२५

चि. भागवत अन् निकिता, दोघांना जोडीनं आशीर्वाद.

पत्र ऐकून मी इतकी हसले की शालूला पाणी आणावं लागलं. साहेब मांडीवर पोतं घेऊन बसला, हा भाग तिच्याकडून तीनदा वाचून घेतला.

बजरंगला सांगा, मी एवढी डावपेचाची असते तर पोतं संपाच्या गाडीनं धाडलं असतं का? पाटा निकिताला हाय. लग्नात ती म्हणली होती की मिक्सरच्या चटणीला चव न्हाई. उघडा धाडला तर फुटतो, म्हणून पिठात पुरला. परभणीला वजन करणाऱ्यानं बबिताला विचारलं बी, की भाकरी इतक्या जड कशा. ती म्हणली, आमच्या आजीच्या हातच्या हायत. त्याला ते पटलं!

साहेबाला यातलं काही कळू देऊ नका. कंबर धरली असंल तर वाळूनं शेक म्हणावं.

घाईत वरवंटा इथंच राहिला होता. तो आज गाडीत चढवलाय. शालूच्या एका हातात मावतो. तरी उतरवायला दोघं जा. कागद झालाय.

माझी माया पोचली का तेवढं कळवा.

आजी भिवराबाई
(नि. अंगठा)