साखरमामींच्या एक केबीच्या फायली

न्हावरे, ता. शिरूर

तीर्थस्वरूप संपतमामांच्या पायांशी,

सत्यजीतचा नमस्कार पोचावा. (आईचं म्हणणं, आधी ‘तीर्थस्वरूप’ लिही. प्रतिभाचं म्हणणं, आधी ‘माफ करा’ लिही. मी दोन्ही लिहिलंय असं समजा.) तुमच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. थेंब वेळेवर घालता ना? इकडे सगळं बरं आहे. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, कांदा काढून झाला, म्हैस व्याली आणि रेडी झाली. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. फोन वाजून वाजून बंद होतो, पत्र मात्र एकदा दारातून आत पडलं की पडलेलंच राहतं. कधीतरी केर काढताना तरी हातात येईल.

घडलं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहितो. आमच्या रांजणगावच्या कंपनीत माल बिघडला की तसंच लिहावं लागतं: कुठल्या मशीनवर, कुठल्या पाळीला, कुणाच्या हातून. मशीन माझा लॅपटॉप, पाळी सुट्टीची, हात माझा.

रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाल्यापासून बारा वर्षं तुम्ही दौंडच्या घरात बसून ग्रहांचे फोटो जमवलेत. मंगळावरच्या गाड्यांनी काढलेले, चंद्राभोवतीच्या यानांनी काढलेले, शनीभोवती तेरा वर्षं फिरलेल्या यानाने काढलेले. अवकाशसंस्था ते इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले ठेवतात, हे आमच्या अख्ख्या खानदानात तुम्हालाच माहीत. सहा हजार चारशे बारा फोटो. साखरमामी गेल्यावर तुमचा जुना कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला, डोळाही धूसर झाला, म्हणून तुम्ही ती हार्डडिस्क माझ्या हातात दिलीत. तुमचे शब्द मला अजून ऐकू येतात. “सत्या, नव्या डिस्कवर जसंच्या तसं उतरव. तुझी अक्कल लावू नको.”

मामा, मी अक्कल लावली.

माझाही थोडा विचार करा. बारा वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काम करतोय. पसारा दिसला की हात शिवशिवतात. (प्रतिभा म्हणते, घरातला पसारा दिसल्यावर ते हात कुठं जातात, तेही लिहा. जागा कमी आहे.) मी डिस्क उघडली तर फोटोंची नावं वीतभर लांब, नुसते आकडे आणि अक्षरं. त्यात कुठल्या दिवशी, कुठल्या कॅमेऱ्याने, किती वाजता ही सगळी कुंडली भरलेली असते, हे मला काय माहीत? मी ती पुसून सुटसुटीत मराठी नावं दिली. ‘मंगळ दगड १’, ‘मंगळ दगड २’, असं करत ‘मंगळ दगड १९४०’पर्यंत गेलो आणि स्वतःची पाठ थोपटली.

मग डुप्लिकेट काढले. एकाच टेकडीचे चाळीस फोटो कशाला? एक ठेवला, एकोणचाळीस उडवले. (सावली कशी सरकते, धूळ कशी चढते, ते बघायला तुम्ही चाळीस ठेवले होते, हे मागाहून समजलं.) मग रिजेक्शन. काळे फोटो, अर्धे कोरे फोटो, पट्टे आलेले, पांढरे ठिपके पडलेले, सगळे लाल शेऱ्यात. ठिपक्यांतले काही म्हणे तारे होते. मामा, मी तारे रिजेक्ट केले. कंपनीत हे सांगायची माझी छाती नाही.

आणि प्रत्येक फोटोशेजारी एक चिमुकली फाइल होती, एक केबीची. नुसता मजकूर, फोटो नाही. मला वाटलं, कॉम्प्युटरची आपली काहीतरी घाण असेल. एकही न उघडता सगळ्या एकदम निवडल्या आणि कायमच्या पुसल्या. शेवटी जुनी डिस्क तुम्हाला लखलखीत परत द्यावी, म्हणून तीही धुऊनपुसून कोरी केली आणि तिच्यावर आमच्या शितलच्या लग्नाचा व्हिडिओ भरला. तुम्हाला आवडेल म्हणून.

त्या रविवारी मी दौंडला आलो तो हार घालून घ्यायच्या तयारीने. तुम्ही चष्मा लावलात, नवी डिस्क जोडलीत, ‘मंगळ दगड १’ उघडलात. फोल्डरात वर-खाली शोधलंत. मग विचारलंत, “लेबलं कुठंयत?”

“कसली लेबलं?”

“फोटोपाशी बारकी फाइल व्हती. एकेक.”

“ती होय? ती पुसली, मामा. एक-एक केबीची होती, रिकामीच.”

“रिकामी न्हवती,” तुम्ही म्हणालात. “वरती तारीख, कॅमेरा, समदं असायचं. आन् खाली हिचं म्हणणं.”

मग तुम्ही सांगितलंत. रोज दुपारी जेवणं झाली की तुम्ही मामीला शेजारी बसवून फोटो दाखवायचात, आणि ती जे काही बोलेल ते खाली टाइप करायचात, ‘ही म्हणते’ असं लिहून. बारा वर्षं. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या मामीने मंगळाच्या दगडा-दगडावर मत दिलं होतं, आणि मी ते रिकामं म्हणून फेकून दिलं. तुम्ही मला शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही उठलात, स्वतः चहा टाकलात, मला कप दिलात आणि म्हणालात, “पाच पन्नासची एसटी हाय तुला.” ती एसटी सहा वीसला आली. तोवर मी स्टँडवर उभा होतो. तुम्हाला वाटलं असेल, मी कधीच गेलो.

त्यानंतर काय केलं ते लिहितो. शिरूरला राजश्री मॅडमचं डेटा काढून देणारं दुकान आहे, तिथं जुनी डिस्क दिली (त्या रविवारी ती माझ्या पिशवीतच राहिली होती). त्या आठ दिवस झटल्या. शेवटी म्हणाल्या, “नुसतं पुसलं असतं तर आणता आलं असतं. तुम्ही कोरी करून वर लग्न भरलंय.” सहा हजारांतली एक्केचाळीस लेबलं हाताला लागली, तीही तुटकी. त्यातली तीन धड आहेत, ती इथं उतरवतो. काना-मात्रेलाही हात लावलेला नाही.

मंगळाची वाळू: “ही म्हणते, अशी वाळू भीमेत व्हती, माझं लगीन झालं तवा.”

मंगळावरची गाडी, स्वतःची सावली: “ही म्हणते, एवढ्या लांब जाऊन आपल्याच सावलीचा फोटू काढला व्हय?”

तीच गाडी, धुळीने भरलेली: “ही म्हणते, पुसायला कुणी न्हाई वाटतं तिथं.”

हे वाचून प्रतिभा आधी खदखदून हसली आणि मग पदर तोंडाला लावून आत गेली.

फोटो मात्र परत आणता येतात. तुमच्या निळ्या रजिस्टरात मूळ नावं हाताने लिहिलेली आहेत. त्याच्या पानांचे फोटो तुम्ही मागे कधीतरी मला पाठवले होते, तेव्हा मी अंगठा दाखवून पुढे गेलो होतो. आता इंटरनेटवर एकेक नाव घालून आम्ही दोघं ते फोटो पुन्हा उतरवतोय, प्रतिभा दुपारी आणि मी कंपनीची बस सोडून गेल्यावर संध्याकाळी. आजवर दोन हजार तीनशे झाले. तिचे चौदाशे, माझे नऊशे. काळे, कोरे, ठिपक्यांचे, सगळे जसेच्या तसे. मूळ नावांनी. वर्षभरात पुरे होतील. पण त्यांच्या खाली जे लिहिलेलं होतं ते कुठल्याही संस्थेकडे नाही, हे कळतंय मला.

डोळ्याला जपा. थेंब घाला. आईने तुमच्याकडे आशीर्वाद मागितलाय (तुम्ही थोरले, तिने मागायचा की द्यायचा यावर आमच्यात एकमत नाही).

तुमचा,
सत्यजीत

ता. क. १: रजिस्टराची शेवटची तीस पानं माझ्याकडे नाहीत, शनीची. ती हवी आहेत. पण खरं मागणं वेगळंच आहे. मामी काय काय म्हणाली, त्यातलं तुम्हाला आठवेल ते सांगा, मी टाइप करतो. शंभर आठवली तर शंभर, चार आठवली तर चार. चुकीची आठवली तरी चालतील.

ता. क. २: वर ‘एकही न उघडता’ लिहिलंय ते खोटं आहे. तीन उघडल्या होत्या. दोन मला नीट आठवत नाहीत. तिसरी शनीच्या कड्यांची. फाइल लिहिल्याची तारीख मामी गेली त्याच्या अकरा दिवस आधीची. “ही म्हणते, सत्या यायचा व्हता. आला असता तर इचारलं असतं, ह्या कड्या कशानं धरून ठिवल्यात. कंपनीत हाय त्यो, त्याला ठावं असंल.” त्या रविवारी मी ओव्हरटाइम आहे असं कळवलं होतं. ओव्हरटाइम नव्हता, मामा. मी घरी झोपलो होतो. ते वाचलं आणि मला ती फाइल डोळ्यांसमोर नको झाली. एकटी तीच पुसली असती तर चोरी दिसली असती, म्हणून सगळ्याच पुसल्या आणि साफसफाई म्हटलं.

ता. क. ३: ते लेबल तुम्हीच लिहिलेलं, म्हणजे त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत होतं. तरी डिस्क माझ्याच हातात दिलीत. मी ते वाचावं म्हणूनच दिलीत का, हे विचारायचं धाडस फोनवर झालं नसतं. मामीच्या प्रश्नाचं उत्तर मी आता शोधलंय. कड्या कशानेच धरलेल्या नाहीत. बर्फाचे लहानमोठे असंख्य तुकडे आहेत, प्रत्येक तुकडा सारखा शनीकडे पडत असतो आणि पडता पडताच त्याच्याभोवती फिरत राहतो. रविवारी सकाळी येऊन हे तुम्हाला सांगतो. तुम्ही ते तिच्या नावाखाली लिहून घ्या.