पाय लावणारी

प्रिय दादा,

डॉक्टर हा शब्द निघाला की तुझ्या फोनची रेंज जाते, म्हणून लिहायला बसले. चष्मा लाव आणि एकट्याने वाच. वहिनीला काय सांगायचं ते मग तू ठरव.

काल बायजावहिनीचा फोन होता. तुझी कंबर धरलीय हे मला शिमग्यापासून ठाऊक आहे. पण आता उजव्या पायातली चप्पल गळून पडते आणि तुला चार पावलं गेल्यावर कळतं, हे तिच्याकडून कळलं. मासेमारीची बंदी उठायला तीन आठवडे राहिले, पहिल्या दिवशी होडी घेऊन जायचंच, आणि "डाक्टर कशाला? किशोरी येल, पाय लावील, झालं," असं तू जेट्टीवर सांगत सुटलायस म्हणे. वहिनी हळू आवाजात बोलत होती. ती चिडली की भांडी आपटते, काल एकही आपटलं नाही, म्हणून मी घाबरले.

पायाकडून जन्मलेली म्हणून सहा वर्षांची असल्यापासून मी लोकांच्या कमरांना पाय लावतेय. पहिला तूच. उसण भरली म्हणून उंबऱ्यावर पालथा पडलास, मी डाव्या पायाने तीनदा दाबलं, आणि दुसऱ्या दिवशी तू गावभर बोंब केलीस की माझी बहीण पायाळू, तिच्या पायाला गुण आहे. लग्न होऊन अलिबागला आले तर ती कीर्ती माझ्याआधी पोचलेली. बाजारात मासळीची पाटी मांडायच्या आधी दोन-तीन कमरा दारात हजर असायच्या. सासूबाईंनी मला कधी आवाज चढवला नाही तो त्याच्यामुळेच.

आता कुणाला ठाऊक नाही ते सांगते. दिवाळीनंतर मी पंधरा दिवस रुचिकाकडे पनवेलला होते, नातवाला सांभाळायला, असं सगळ्यांना सांगितलं होतं. ते खोटं. माझीच कंबर गेली होती. तीस वर्षं बर्फाच्या पेट्या उचलल्यावर दुसरं काय होणार? कळ कमरेतून निघायची ती थेट पोटरीत. गिऱ्हाइकाला पापलेट कापून द्यायला उभं राहवेना. पण पाय लावणारीचीच कंबर मोडली हे बाजारात फुटलं असतं तर बायकांनी वर्षभर मला सोडलं नसतं. हसलास ना? हस.

मणक्यांच्या मध्ये गादी असते, तिचा तुकडा बाहेर सरकून पायाकडे जाणाऱ्या शिरेवर बसला होता. डॉक्टरांनी लगेच कापाकापी नाही केली. आधी दीड महिना गोळ्या आणि व्यायाम. मग एक्स-रेवर बघत शिरेजवळ इंजेक्शन दिलं, त्याने महिनाभर झोप लागली आणि पुन्हा मूळपदावर. शेवटी दिवाळीनंतर, त्या पंधरा दिवसांत, दुर्बिणीतून ऑपरेशन. मला वाटलं, सुरमईसारखी उभी चिरतात. तर करंगळीच्या नखाएवढं भोक, दोन टाके. तेवढ्या जागेपुरती भूल दिलेली, मी जागी. डॉक्टर मध्येमध्ये विचारत होते, काकी, पायात कळ आली तर सांगा. समोरच्या पडद्यावर तो तुकडा दिसला, खेकड्याच्या नांगीतल्या मांसासारखा पांढरा. चिमट्याने ओढून काढला. तासाभराचं काम. संध्याकाळी माझी मी चालत गेले, दुसऱ्या दिवशी घरी. जादू नाही हं. सकाळी कंबर अजून आखडते, तीन महिने पाटीला हात लावू दिला नाही, आणि पेट्या कायमच्या बंद. पण पायातली कळ गेली.

तुझ्या चप्पलेचं मी काल त्याच डॉक्टरांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, नुसती कंबर दुखत असेल तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, पण पायातली ताकद जात असेल तर थांबू नका, फार दिवस दाबलेली शीर पुन्हा उठेलच असं नाही. आणि कमरेवर कुणालाही दाब देऊ देऊ नका.

दादा, आईने जायच्या आधी मला जवळ बसवून एक गोष्ट सांगितली होती. मी पायाळू नाही. चारचौघांसारखी डोक्याकडून जन्मले. तुझ्यामागे दोन मुली, त्यांच्यावर ही तिसरी म्हणून आजीने तोंड फिरवलं, तेव्हा भागुबाई सुईण बाहेर जाऊन म्हणाली, "पायाळू हाय पोर. घराचं भलं करील, जपा तिला." माझे हाल होऊ नयेत एवढ्यासाठीच. अकरा वर्षं हे मला ठाऊक आहे, तरी मी पाय लावत राहिले, कारण तो मान सोडवेना. मला फार लाज वाटते. शिमग्याला तू पालथा पडलास तेव्हा मी सगळा भार देऊन दाबलं. तू ओरडलास, आणि मी म्हटलं, उतरतंय. चप्पल त्यानंतर गळायला लागली का, हे वहिनीला विचारायचा मला धीर झाला नाही. बुधवारी संध्याकाळी रुचिकाची गाडी घेऊन येते. गुरुवारी त्याच डॉक्टरांकडे अकराची वेळ घेतली आहे, पहाटे निघावं लागेल. गावाला माझं खरं सांगायचं असेल तर खुशाल सांग, पण गाडीत बस. माझ्या पायात तुझ्यासाठी काही नाही, दादा. कधी नव्हतंच.

तुझीच धाकटी,
किशोरी