काळजीचा डबा

असल्फा, घाटकोपर (पश्चिम)
९ फेब्रुवारी

तीर्थरूप विमलाताईस,

धाकट्या रत्नाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे कागदावर. कंबर अजून तेवढी ऐकत नाही.) तुझी साखर काय म्हणते? भावोजींचा खोकला गेला का, की त्याची सोबत वाटते म्हणून ठेवून घेतलाय? इकडे सगळे क्षेमकुशल आहेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचून झालं की ते वाक्य तूच खोडून टाक.

तू म्हणशील, हातात फोन असताना हिला पत्र कशाला सुचलं. तर ताई, फोनवर बोलायला घरात रिकामी खोली लागते. प्रीतमच्या कंपनीने ऑफिसची जागाच सोडून दिली, त्यामुळे तो दिवसभर घरी. मानसीच्या शाळेने नव्या वर्षात तिला परत बोलावलं नाही, म्हणून सूनबाई घरी. आणि यांचा साकीनाक्याचा कारखाना आता आठवड्यातले तीनच दिवस चालतो, म्हणून उरलेले चार दिवस हेही घरी. दोन खोल्यांत चौघं. मी तुला 'हॅलो' म्हटलं की तिघं मान वर करतात.

बरं, माणसं घरात आहेत तर बोलतील, म्हणावं, तर तेही नाही. एकेकाचं सांगते. हे लेथवर चाळीस वर्षं काढलेला माणूस, हात रिकामे राहिले की कासावीस होतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी आमच्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दुसऱ्या आठवड्यात मजल्यावरच्या सगळ्यांच्या. तिसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या गेटला. आता अख्ख्या इमारतीत एकही दार कुरकुरत नाही, आणि कोण कधी मागे येऊन उभं राहील याचा भरवसा राहिला नाही. (परवा समोरच्या रीटाने असंच मागून 'रत्नाबाय' म्हटलं आणि माझ्या हातातलं ताकाचं भांडं गेलं.) तेल संपलं तेव्हापासून नुसते पंख्याकडे बघत बसतात. काय झालं विचारलं की म्हणतात, "माका काय झाला नाय."

प्रीतमची नोकरी आहे, पण शेजारच्या टेबलावरच्या दोघांची गेली, आणि त्यांचं काम याच्याकडे आलं. आता तो इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून तिघांचं काम करतो. बोलणंही ऑफिसचंच झालंय. भाजीवाला म्हणाला, भेंडी आज महाग आहे, तर हा म्हणाला, "नोटेड." मी म्हटलं, बाळा, जेवायला ये, तर म्हणे, पाच मिनिटांत कन्फर्म करतो.

आणि मानसी. तिला रडायची लाज वाटते बिचारीला, म्हणून ती कांदा चिरते. आधी माझ्या लक्षात आलं नाही. वाटलं, पोरीला स्वयंपाकाची आवड लागली. सोमवारी कांद्याची भजी, मंगळवारी कांदेपोहे, बुधवारी कांद्याची पीठ पेरून भाजी, गुरुवारी झुणका. शुक्रवारी उपास होता तरी ही विळी घेऊन बसली, तेव्हा मला उमगलं.

रीटा तर आमच्यापेक्षा वर. तिचा एल्रॉय दुबईला. तिथे त्याचं काम सुटलंय की आहे ते तो नीट सांगत नाही, फोनवर नुसतं 'ऑल गुड, मम्मी' म्हणतो. ती कढीलिंब मागायला येते आणि उंबऱ्यात दोन तास बसते. जाताना कढीलिंब विसरते.

तर ताई, मी ठरवलं, या घराला मी हसवीन. कुणीतरी कंबर कसायलाच हवी ना, आणि माझी आधीच पट्टा लावून कसलेली आहे. सकाळच्या चहाला एक विनोद, जेवताना एक. (विनोद संपले तेव्हा भावोजींच्या लग्नातली गोष्ट सांगितली, राग मानू नकोस.) यांच्यापुढे टाळ्या वाजवून हसायचा व्यायाम करून दाखवला. यांनी उठून खिडकी लावून घेतली.

मग कळलं, पार्ल्याला एका हॉलमध्ये 'मन प्रसन्न कसे ठेवावे' यावर व्याख्यान आहे. तिघांना आणि रीटाला रिक्षांत कोंबून नेलं. वक्ते तासभर उशिरा आले. आल्यावर माईक बिघडला. तो दुरुस्त होईतो त्यांनी माईकवाल्याला, आयोजकांना आणि टाळ्या वाजवणाऱ्या एका आजोबांना इतकं झापलं, की प्रसन्नतेवर बोलायला त्यांच्याकडे दमच उरला नाही. पण फुकट काही गेलं नाही हो. बाजूला बसलेल्या एका बाईंनी मला उपाय सांगितला. घरातल्या प्रत्येकाने आपली काळजी एका चिठ्ठीवर लिहायची, नाव घालायचं नाही, आणि डब्यात टाकायची. आठ दिवस डबा बंद. कुणी वाचायचं नाही. नवव्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या जाळून टाकायच्या. मन कापसासारखं हलकं होतं, म्हणाल्या.

मी दिवाळीचा चकलीचा डबा रिकामा केला आणि फ्रिजवर ठेवला. सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. रीटालाही टाकायला लावली. मीही टाकली.

दोन दिवस मी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी हे कारखान्यात, मानसी मुलुंडला एका शाळेत मुलाखतीला, प्रीतम कानाला यंत्र लावून मीटिंगमध्ये, आणि मी फ्रिजवरची धूळ पुसत होते. ताई, धूळ पुसायची तर डबा उचलावा लागतो. उचलला तर तो हलतो. हलला की झाकण नीट बसलंय का ते बघावं लागतं. मी वाचल्या. तूही वाचल्या असत्यास, साळसूदपणा करू नकोस.

नाव नसलं तरी कुणाची कोणती ते कळायला काय लागतंय. प्रीतमने चिठ्ठी टाइप करून प्रिंट काढली होती, खाली 'पान १ पैकी १'. वर लिहिलेलं: 'आई हल्ली सारखी हसत असते. कारण विचारलं की आणखी हसते. डॉक्टरांना दाखवावं का?'

मी दुसरी उघडली. मास्तरणीचं गोल अक्षर, समासासकट. 'आई आम्हाला हसवायला दिवसभर धडपडतात आणि स्वतः अर्ध्या पोळीवर उठतात. मी कांदा चिरते तेव्हा शेजारी येऊन उभ्या राहतात. त्यांचेही डोळे भरतात. कांदा संपल्यावरही भरलेलेच असतात.'

तिसरी रीटाची. वर छोटा क्रूस काढलेला. 'येशू, रत्नाबायला थोडा वेळ गप्प बसायला मिळू दे.'

चौथी यांची. कारखान्याच्या जुन्या चलनाच्या पाठीवर, पेन्सिलीने. 'रत्ना बोलते खूप. सांगत काहीच नाही.'

माझं जे डोकं फिरलं ताई, ते काय सांगू. म्हणजे मी यांच्यासाठी जिवाचं रान करतेय आणि ही सगळी मिळून मलाच आजारी ठरवतायत. डबा होता तिथे ठेवला. आणि ठरवलं, गप्प बसायला हवंय ना, घ्या मग.

संध्याकाळी जेवणं वाढली. विनोद नाही, गोष्ट नाही. वरणभात, भाजी, लोणचं, आणि माझं तोंड बंद. पहिली दोन मिनिटं कुणाच्या लक्षात आलं नाही. मग प्रीतमचा घास हातातच राहिला.

"आई, काय झालं?"

"काही नाही."

"बरं वाटत नाही का?"

"वाटतंय."

यांनी माझ्याकडे बघितलं, मग मानसीकडे बघितलं. मानसी म्हणाली, "आई, तुम्ही डबा उघडलात ना?"

मी म्हटलं, "मी? मी कशाला उघडू?"

"माझी चिठ्ठी मी चौकोनी घडी घालून टाकली होती. आता तिला तिरकी घडी आहे." (बारा वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्यात हिने. हिला शाळेने घरी बसवलं, म्हणजे शाळेला कळत नाही एवढंच.)

आता माझी पळता भुई थोडी. एवढ्यात मला एक सुचलं. मी म्हटलं, "तू डबा उघडल्याशिवाय तुला घडी कशी दिसली गं?"

मानसीने लोणच्याची फोड ताटाच्या कडेला सरकवली. प्रीतम ताटात बघत म्हणाला, "मी मंगळवारीच वाचल्या."

मग हे बोलले. "मी पहिल्याच संध्याकाळी. झाकण घट्ट बसत होतं, जरा सैल करायला घेतलं."

आणि दाराशी रीटा. कधी आली कुणास ठाऊक, दार वाजतच नाही ना. म्हणाली, "मी पण वाचल्या, रत्नाबाय. तू पूजेला बसली होतीस तेव्हा. मी कढीलिंब घ्यायला आले होते."

ताई, मग पहिल्यांदा कोण हसलं तर हे. पंख्याखालचा हा माणूस असा हसला की वरणाचा ठसका लागला, आणि प्रीतम पाठीवर थापट्या मारता मारता स्वतःच खाली बसला. मानसी हसता हसता रडली, आणि या वेळी समोर कांदा नव्हता.

हसणं ओसरलं तेव्हा मानसी म्हणाली, "पण सगळ्यांत वाईट चिठ्ठी तुमची होती, आई."

मी काय लिहिलं होतं ते तुला सांगायचं राहिलं. मी लिहिलं होतं, 'मला कसलीही काळजी नाही. सर्वांनी मजेत राहावे.'

यांनी ताट बाजूला सारलं आणि ताई, हे बोलायला लागले. लग्नानंतर एवढं सलग बोललेले मी ऐकले नाहीत. म्हणाले, मालक मार्चअखेर कारखाना बंद करतोय. महिनाभर मला माहीत आहे, तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही. मला दुसरं काही येत नाही, याची भीती वाटते. प्रीतम म्हणाला, बाबा, आमच्याकडेही पंधरा तारखेला कपातीची अजून एक यादी लागणार आहे, मी रोज सकाळी मेल उघडायच्या आधी डोळे मिटतो. मानसीने मुलाखतीचं सांगितलं, त्यांना तिचं शिकवणं आवडलं, पण वय जास्त वाटलं. (छत्तीस. त्या हिशेबाने आपल्याला तर म्युझियममध्ये ठेवायला हवं.) रीटा म्हणाली, एल्रॉयचं काम सुटलंय हे मला कळतं, तो सांगत नाही आणि मी विचारत नाही, दोघंही ऑल गुड. तिथेच ताटावर बसून प्रीतमने त्याला फोन लावला आणि म्हणाला, अरे, सांग ना यार खरं एकदा मम्मीला. रीटा फोन घेऊन गॅलरीत गेली. डोळे पुसत आली, पण भात मागून घेतला.

कुणाचंच काही सुटलं नाही, ताई. कारखाना बंद होणारच आहे आणि यादी लागणारच आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हे मानसीला म्हणाले, चल, तुझे अर्ज घेऊन बसू, मी पाकिटं चिकटवतो. प्रीतम दुपारी लॅपटॉप बंद करून सगळ्यांबरोबर जेवला. आणि शनिवारपासून आमच्याकडे कांदा दोन दिवस पुरतो.

माझी पाळी आली होती त्या संध्याकाळी. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, दूध उतू जाईल, आणि उठले. पण ते असो. तर असं मी सगळ्यांना मार्गावर आणलं, आणि मी स्वतः अगदी ठणठणीत आहे. भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
रत्ना

ता. क. वर कंबरेचं लिहिलंय ते मनावर घेऊ नकोस. पट्टा उगाच लावते.

ता. क. २. लग्नातली गोष्ट सांगितली ते भावोजींना कळू देऊ नकोस.

ता. क. ३. ताई, ठणठणीत नाही गं. सकाळी उठते, गॅस पेटवायच्या आधी शेगडीपुढे नुसती उभी राहते. कशासाठी आले तेच आठवत नाही. दुःख असं काही नाही, नाव ठेवावं असं तर काहीच नाही. नुसती दमलेय. मला पंधरा दिवस तुझ्याकडे यायचंय. एकटीच. मी कुणाला हसवणार नाही, तुझ्या पडवीत गप्प बसेन. पण आत्ता या सगळ्यांना सोडून निघते कसं म्हणू? तू असं कर, यांना फोन कर आणि सांग की गुडघा फार दुखतोय, रत्नाला पाठवा. म्हणजे मला यावंच लागेल. एकटीलाच पाठवा म्हण.

विमलाताईंस, सा. न.
पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, तेव्हा वाचलं. तुम्ही गुडघा दुखवून घेऊ नका. कुर्ल्याहून वीस तारखेच्या गाडीचं कुडाळचं तिकीट काढलं आहे. तिला आज सांगतो. मलाही यावंसं वाटत होतं, पण पत्रात 'एकटी' दोनदा लिहिलंय, म्हणून एकच काढलं. परतीचं काढलेलं नाही. तिला वाटेल तेव्हा काढू. पण ताई, फार उशिरा वाटू देऊ नका.
आपला,
चंद्रप्रकाश