जमिनीच्या वरचे जेवढे माझे

मी, ग्रासियान एलिसाल्दे, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, धंदा मेंढपाळी, राहणार पावडर नदीचे खोरे, वायोमिंग, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवते. यापूर्वीची सर्व रद्द समजावीत. वकीलबाई म्हणाल्या, "राग बाजूला ठेवून लिहा." तो बाजूला ठेवला तर लिहिण्यासारखे फारसे उरत नाही.

कलम १. या राज्यात जमीन एकाची आणि तिच्या पोटातले दुसऱ्याचे असू शकते. आमच्या वडिलांनी १९७१ साली तशीच वाटणी केली. म्हणाले, "ग्रासियानला मेंढ्या कळतात, वरचं तिला. खालचं बर्नाटला. तसंही तिथं काय आहे?" धाकटा भाऊ बर्नाट पुढे तीस वर्षे मला ऐकवत राहिला, "तुला कुरण, मला माती." मी हसत असे. हसायला नको होते, एवढे कबूल करते. याहून जास्त करणार नाही.

कलम २. २००१ साली त्या मातीखालच्या कोळशाच्या थरात वायू सापडला. बर्नाटने मला अवाक्षर न सांगता सही केली आणि कंपनीची माणसे घेऊन फाटकाशी उभा राहिला.

"ताई, कुलूप काढ. खालचं माझं आहे."

"मग खालूनच ये."

दुसऱ्या दिवशी तो शेरीफला घेऊन आला. शेरीफने टोपी काढली. "बाई, कागद त्यांच्या बाजूनं आहेत. माझा नाइलाज आहे."

मी कुलूप काढले.

तेवीस ठिकाणी जमीन भोसकली. वायू वर यावा म्हणून आधी थरातले पाणी उपसतात. ते खारट पाणी ओढ्यात सोडले. तिसऱ्या वर्षी आजोबांनी खणलेली विहीर आटली. ओढ्याकाठचे कुरण मिठाने पांढरे पडले. नऊशे मेंढ्यांच्या दोनशे दहा झाल्या. पुढे वायूचा भाव कोसळला, कंपनी बुडाली आणि माणसे पाइप जागच्या जागी टाकून निघून गेली. सबब, ते सर्व गंजलेले पाइप बर्नाटला द्यावेत. त्याने स्वतः येऊन न्यावेत.

कलम ३. घर, वरची जमीन, मेंढ्या, दोन्ही कुत्री आणि चाकांवरची राहुटी सेलेस्तिनो ममानी याला द्यावी. तो पेरूहून आला आणि एकोणीस उन्हाळे माझा कळप बिगहॉर्नच्या डोंगरावर नेत राहिला. हे कळताच बर्नाट फोनवर ओरडला, "परक्याला देतेस? घरातलं?" आमचे आजोबा स्पेनहून आले तेव्हा त्यांना इथे कोण ओळखत होते? कुरणाच्या वादातून गुरेवाल्यांनी त्यांच्या चारशे मेंढ्या सोट्यांनी ठेचल्या. ते तरीही राहिले. सेलेस्तिनोही राहील.

कलम ४. आईची काळी शाल कोणालाही देऊ नये. माझ्या अंगावर असू द्यावी.

कलम ५. मला या जमिनीत पुरू नये. खाली गेले की मी बर्नाटच्या हद्दीत. दहन करावे आणि राख वाऱ्यावर सोडावी. इथे वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

कलम ६. हे कलम काल वाढवले. गेल्या मंगळवारी बर्नाट आला. बारा वर्षांत पहिल्यांदा घरात पाऊल टाकले. कप तोंडाशी नेईपर्यंत अर्धी कॉफी शर्टावर सांडली. म्हणाला, "ताई, बाबांनी मला काहीच दिलं नव्हतं. रिकामं दिलं. त्यांना ठाऊक होतं आणि तुलाही."

ठाऊक होते. मी कप धरला, तो प्याला.

मग म्हणाला, "डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतचं सांगितलंय. टेकडीवर आईबाबांजवळ मला जागा देशील?"

मी उत्तर दिले नाही. तो तसाच उठून गेला. उत्तर इथे लिहिते, आणि मी आधी गेले तर सेलेस्तिनोने ते पाळावे: जागा द्यावी. पण आईच्या बाजूला. बाबांच्या बाजूला नको.

इतर कलमांत बदल नाही.

समक्ष सही केली:
ग्रासियान एलिसाल्दे

साक्षीदार:
१. अल्मा स्टिंचकोम, टपाल कार्यालय.
२. ड्वेन टॉलिव्हर, शेजारी, गुरेवाला. याला यातून काहीही मिळत नाही, म्हणून साक्षीला चालतो.

स्थळ: बफेलो, वायोमिंग
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१३