ब्रेकमधली हवा

तीर्थस्वरूप वन्सं यांस,

नमस्कार. तो वाकून केलाय असं समजा. गाडीखाली शिरल्यापासून माझी कंबर अशीही सरळ होत नाही, त्यामुळे वाकण्याचे वेगळे कष्ट पडलेले नाहीत. तुमची तब्येत कशी आहे? भावोजींचा गुडघा कुरकुरायचा थांबला का? (थांबला नसेल तर त्याला ग्रीस लावा, असा बाबांचा निरोप आहे. हल्ली ते सगळ्यालाच ग्रीस लावायला सांगतात. माझं शिलाई मशीन झालं, फ्रिजचं दार झालं, आता त्यांची नजर माझ्या चपलांवर आहे.) इकडे सगळे खुशाल. मध्यंतरी फोनवर तुम्ही विचारलंत, मागे कोण ओरडतंय? मी म्हटलं, टीव्ही. वन्सं, आमचा टीव्ही बंद होता. पण ते नीट सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल, म्हणून पत्र. चष्मा जवळ घ्या.

बाबांनी गाडी चालवणं सोडलं, एवढंच तुम्हाला माहीत आहे. त्यांनी सोडलं नाही, त्यांचं सोडवलं. झालं असं की बाबा घरची गाडी मागे घेत होते आणि समोरच्या शेजाऱ्यांच्या फाटकाचा खांब मध्ये आला. (बाबांचं म्हणणं, तो मध्येच होता. शेजाऱ्यांचं म्हणणं, तो घर बांधल्यापासून तिथेच आहे.) खांब पडला. आता तुमचे बंधू विम्याच्या कचेरीत दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघत बसतात. तेच दृश्य स्वतःच्या दारात बघून त्यांचा तोल गेला. किल्ली काढून खिशात टाकली आणि म्हणाले, "बाबा, तुम्हाला दिसत नाही, हेच तुम्हाला दिसत नाही." वाक्य चांगलं होतं, पण ते शेजाऱ्यांसमोर म्हटलं. बाबा काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, आणि मग पुढे कितीतरी महिने नाही.

अबोला म्हणजे तुम्हाला वाटेल आदळआपट, रुसवेफुगवे. तसलं काही नाही. अत्यंत सभ्य अबोला होता. सगळं बोलणं माझ्यामार्फत चालायचं. "त्याला सांग, मीठ दे." आमचं जेवणाचं टेबल ते केवढंसं! मी सांगेपर्यंत मीठ पोचलेलंही असायचं, पण सांगणं मात्र झालंच पाहिजे. "त्यांना सांग, पंखा कमी करतोय." मी दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांना 'आ करा', 'चूळ भरा' असं सांगत असते, घरी येऊनही मी निरोपच देत होते. एकदा तर मी बाबांना चूळ भरायला सांगितलं. त्यांनी भरली.

अशात एका सुट्टीच्या दिवशी बाबा उठले, गॅरेजमध्ये गेले आणि त्यांनी मागच्या भिंतीकडच्या गाडीवरची ताडपत्री ओढली. तीच ती लाल, दोन सीटांची, जमिनीला पोट टेकलेली, कापडी टपाची. सासूबाई होत्या तोवर दोघं तिच्यातून संध्याकाळी फेरफटका मारून यायचे, तुम्हीच सांगितलंय. त्या गेल्या आणि ताडपत्री पडली ती पडलीच. मला वाटलं, बाबा नुसतं बघताहेत. तर ते खिशातून गंजकी किल्ली काढून मला म्हणाले, "हिची अजून कुणी काढून घेतलेली नाही."

वन्सं, गाडी दुरुस्त करायची म्हणजे आधी ती घरभर करायची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सायलेन्सरचा पाइप सोफ्यामागे. बॅटरी बाथरूममध्ये चार्जिंगला. सीट उचकटली तर आत उंदरांचा भरला संसार; त्यांना बाहेर काढताना मलाच चोरी केल्यासारखं वाटलं. भांडी निथळायच्या जाळीत दोन कार्बोरेटर. (पेट्रोल आणि हवा यांची जिथे गाठ पडते ते हे भांडं. मला आता झोपेतून उठवून विचारा.) त्याच्यातली बारीक भोकं इतकी बारीक की सुई शिरेना, म्हणून मी दवाखान्यातून दात कोरायचं एक जुनं, टाकून दिलेलं हत्यार आणलं, त्याने ती मोकळी केली. काम फक्कड झालं. पण माझ्या हातांचा वास जाईना आणि दाढ भरून घ्यायला आलेल्या एका बाईंनी तोंड उघडल्या उघडल्या विचारलं, "डॉक्टर, इथे पेट्रोल गळतंय का?" तेव्हापासून डॉक्टर मला हत्यारं तापवायच्या बर्नरजवळ जाऊ देत नाहीत.

पेट्रोलच्या टाकीत आतून गंज होता. त्याला बाबांचा उपाय असा, की टाकीत बारीक खडी आणि पाणी घालायचं, टाकी कशात तरी गुंडाळायची आणि घुसळायची. 'कशात तरी' म्हणजे तुमची निळी रजई. (हे वाक्य वाचून थोडं थांबा, पाणी प्या, मग पुढे जा.) अंगणात एक टोक सासऱ्यांनी धरलंय, एक टोक सुनेने, मध्ये माणसाएवढं बोचकं, आतून खडखडाट, आणि खालून तांबूस पाणी गळतंय. समोरचे शेजारी नव्या खांबाला टेकून बघत होते. शेवटी न राहवून आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहेब घरी आहेत ना?" मी म्हटलं, ऑफिसला गेलेत. ते साहेब संध्याकाळी परत आलेले दिसेपर्यंत शेजारी खिडकीतून हलले नाहीत.

साहेबांचं मत माझ्यामार्फत रोज कळत होतं : त्यांना सांग, ती चालणार नाही. त्यावर, त्याला सांग, त्याला कुणी विचारलं नाही. पण एक दिवस मी बघते तो बाबांनी नट-बोल्ट टाकून ठेवलेल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या, आणि अक्षर तुमच्या बंधूंचं. बाबांनी सगळ्या डब्यांवरून नजर फिरवली. मग मला म्हणाले, "त्याला सांग, क्लचचे बोल्ट ब्रेकच्या डब्यात टाकलेत." बंधू दारातच उभे. "त्यांना सांग, ते ब्रेकचेच आहेत." बाबांनी एक बोल्ट चष्म्याजवळ नेला, लांब नेला, परत जवळ नेला. आणि डबा होता तिथेच ठेवला. मला वाटलं, आता बोलतील. छे!

मग इंजिन सुरू झालं. म्हणजे आधी खोकलं, मग शिंकलं, मग एकदम गॅरेजभर निळा धूर आणि त्या धुरात बाबा स्टिअरिंगमागे बसून लहान मुलासारखे हसताहेत. इथवर ठीक होतं. पण त्यांनी गिअर टाकला. मी ओरडले, "बाबा, अजून ब्रेक नाहीत!" तर म्हणाले, "ब्रेक थांबायला लागतात. मला जायचंय." मी गाडीपुढे जाऊन उभी राहिले, दुसरं काय करणार! कणकेचे हात बॉनेटवर टेकून. (ते ठसे निघालेले नाहीत.) तेवढ्यात तुमचे बंधू धावत आले, बाबांच्या अंगावरून वाकून त्यांनी किल्ली फिरवली, इंजिन बंद. आणि मग दोघंही माझ्याकडे बघून एकदमच म्हणाले, "त्यांना सांग..." "त्याला सांग..." पुढचं काही दोघांनाही सुचलं नाही.

तेव्हा ठरलं की ब्रेकचं काम बंधू करतील. बाबांना खाली बसवत नाही आणि माझ्या ताकदीने ब्रेकचा स्क्रू हलत नाही. नवीन रबरं बसली, नवं ऑइल भरलं, पण नळ्यांमध्ये हवा राहिली होती. हवा राहिली की पेडल दाबलं तरी स्पंज दाबल्यासारखं लागतं, गाडी थांबत नाही. ती काढायची पद्धत अशी : एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी बसून बारीक स्क्रू सैल करायचा, बुडबुडे येतात, लगेच स्क्रू आवळायचा, आणि मगच पहिल्याने पाय काढायचा. पाय आधी निघाला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं मुळापासून. सोपं काम आहे. फक्त दोघांनी एकमेकांशी बोलावं लागतं.

आम्ही ते माझ्यामार्फत केलं. "त्यांना सांग, दाबा." बाबा, दाबा म्हणताहेत. "त्याला सांग, दाबलंय." अहो, दाबलंय म्हणताहेत. "त्यांना सांग, धरून ठेवा." हे मी बाबांना सांगेपर्यंत त्यांनी पाय काढलेला असायचा, कारण त्यांना वाटायचं निरोप संपला. गाडीखालून काही शब्द यायचे, ते मी पुढे पोचवले नाहीत. बाबांनी विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, पुन्हा म्हणतोय. सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही एका चाकाच्या नळीतून जितकी हवा काढली तिच्या दुप्पट भरली. ऑइल बंधूंच्या भुवयांवरून ओघळत होतं.

आणि नेमका तुमचा फोन आला. मी दोघांना म्हटलं, थांबा, आलेच. आणि घरात आले. तुमचं 'कशी आहेस' होतंय तोवर गॅरेजमधून आवाज आला, "दाबा!" पाठोपाठ, "अहो बाबा, दाबा ना!" आणि मग बाबांचा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा, "दाबलंय रे!" तेव्हाच तुम्ही विचारलंत, कोण ओरडतंय. वन्सं, मी टीव्ही म्हटलं कारण त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर मला रडू फुटलं असतं, आणि ते ऐकून ते दोघं गप्प झाले असते.

तुम्ही फोन ठेवलात तरी मी तो कानाला लावूनच गॅरेजच्या दाराशी उभी राहिले, म्हणजे मी मोकळी झाले असं त्यांना वाटू नये. कुणाशीच बोलत नव्हते. अधूनमधून नुसतं 'हो का' म्हणत होते. त्यांचं दुसरं चाक झालं. तिसऱ्यावर आले. दाबा. दाबलं. धरा. धरलंय. मग बाबा म्हणाले, "तो खांब मला खरंच दिसला नव्हता रे."

गाडीखालून नुसते पाय दिसत होते. पाय हलले नाहीत. "माहीत आहे," आवाज आला. मग, "शेजाऱ्यांसमोर बोलायला नको होतं मी." आणि मग, "सोडा."

"काय सोडू?" बाबांनी विचारलं.

"पेडल, बाबा."

मी म्हटलं, हो का, आणि आत जाऊन चहा टाकला. साखर दोनदा घातली. दोघांनी कप तळापर्यंत रिकामे केले.

त्यानंतर बाबा आपणहून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. सोबत मुलगा होता. तिथे काय झालं ते दोघांनीही सांगितलं नाही, आणि निरोप्याची नोकरी गेल्यामुळे मलाही विचारता येईना. पण गाडी टेम्पोवर चढवून रस्त्यावर आणायच्या तपासणीला नेली, तिथे अधिकाऱ्याने विचारलं, चालवणार कोण? तेव्हा कोट घालून ताठ उभ्या राहिलेल्या बाबांनी किल्ली मुलाच्या हातात ठेवली. मला वाटलं, झालं, इथे आता सगळेच रडणार. तर तुमचे बंधू गाडीत बसायला गेले. एक पाय गेला. पोट स्टिअरिंगपाशी अडलं. श्वास सोडून बघितला, सीट मागे ढकलून बघितली, तिरके झाले, आणि तसेच अडकून बसले. शेवटी अधिकाऱ्याने एक हात धरला, बाबांनी दुसरा, आणि त्यांना बाटलीच्या बुचासारखं बाहेर काढलं. मग बाबांनी इकडेतिकडे बघितलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. स्वतः फिरून शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि म्हणाले, "चल."

मी चालवली. अधिकारी म्हणाले, जोरात ब्रेक मारा. मी मारला. गाडी जागच्या जागी थांबली, बाबांची टोपी मात्र पुढे गेली. हॉर्न दाबला की मागचे दिवे लागतात याला हरकत निघाली (बाबा म्हणाले, ती पहिल्यापासून तशीच आहे; पण ते चाललं नाही), तेवढं दुरुस्त करून दुसऱ्या खेपेला पास झालो. परतताना प्रत्येक वळणावर बाबांचा पाय नुसत्या पत्र्यावर दाबला जात होता. घरी आल्यावर उतरता उतरता म्हणाले, "क्लच जरा लवकर सोडतेस." एवढंच. त्यांच्याकडून हे म्हणजे सुवर्णपदक आहे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

बाकी सगळं यथास्थित. भावोजींना नमस्कार, आणि मोठ्यांचे आशीर्वाद हवेत तर ते आता पत्राने मागवायची गरज नाही. कारण खाली वाचा.

तुमची,
भावजय

ता. क. : मूळ मुद्दा राहिलाच. दोघं बोलायला लागले ते आता थांबतच नाहीत. बोलता बोलता त्यांना शोध लागला की याच मॉडेलची दुसरी गाडी तुमच्या गावाबाहेर एकाकडे पडून आहे. इंजिन नाही, दारं नाहीत, पण 'पार्टसाठी सोनं आहे' म्हणे. आमच्याकडे ठेवायला जागा नाही. तुमच्या अंगणात आहे. "ताईला कळव" एवढं मला सांगून दोघं आज सकाळीच निघाले, वाटेतली भंगाराची दुकानं बघत बघत. आधी ते पोचतात की हे पत्र, सांगता येत नाही. फोन केला असता, पण मग तुम्ही नको म्हणाला असतात. महिनाभर राहतील. बाबांना उशी पातळ लागते.

ता. क. दुसरं : मी त्यांच्याबरोबर नाही. लाल गाडी माझ्याकडे आहे आणि दवाखान्यातून सुट्टी घेतली आहे (डॉक्टरांनी फार आनंदाने दिली). पुढच्या शनिवारी सकाळी निघून दुपारी तुमच्याकडे येते. शेजारची सीट रिकामी आहे, वन्सं. कुठे जायचं ते तुम्ही ठरवा; मला कुठलाही रस्ता चालेल. त्या दोघांना भावोजी सांभाळतील. एकच बॅग घ्या आणि ती मऊ असू द्या, डिकी बशीएवढी आहे. डोक्याला रुमाल बांधा. आणि गल्लीच्या तोंडाशीच येऊन उभ्या राहा. मी दारापर्यंत येणार नाही, कारण आवाज ऐकला तर ते दोघं येऊन बॉनेट उघडतील, आणि मग आपण काही निघत नाही.