मारुतीला कुठला पांढरा?

मढ कोळीवाडा,
शुक्रवार, दुपारची झोप मोडून

ती. सुबोधभाऊजी यांस,
चंदूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची शुगर कशी आहे? लग्नघरात लाडू समोरच असतात, म्हणून आधी तीच विचारतो. ताईचा गुडघा नाशिकच्या थंडीत कुरकुरतो का? श्रुतिका हळद लागेपर्यंत ऑफिसला जाणार म्हणते, तर तिच्या डोळ्यांची जळजळ थांबली का? इथे आमच्या सौ. सगुणाचा खोकला गेला. माझा उत्साह तेवढा जात नाही. (फोनवर का नाही सांगत, असं म्हणाल. फोनवर तुम्ही "गाडी झाली का?" विचारता आणि माझं वाक्य क्रियापदाला पोचायच्या आत ठेवून देता. कागदाला ती सोय नाही.)

तर भाऊजी, गाडी झाली! झकास झाली! आता कशी झाली ते सावकाश वाचा. श्रुतिकाने हट्ट धरला की हॉलवर जाईन तर बाबांच्या पांढऱ्या मारुतीतूनच, जन्मल्यावर जिच्यातून घरी आले तिच्यातून. (त्या दिवशी चालवत मी होतो. तुम्ही मागे बसून "हळू, हळू" म्हणत होतात.) ही गाडी तुम्ही शोरूममधून कोरी करकरीत आणलीत तेव्हा ताईने अख्ख्या आळीत पेढे वाटले होते, तेही मी विसरलेलो नाही. तुम्ही नाशिकला गेलात आणि सहा वर्षं ती माझ्या अंगणात राहिली. खाऱ्या वाऱ्याने तिचे दरवाजे खालून बिस्किटासारखे कुरतडले, त्यात माझा हात नाही. तुम्ही बजावलंत, "चंदू, पांढरा रंग मारून घे, डोकं चालवू नकोस. ड्रायव्हर मी बघतो." (त्या शेवटच्या वाक्यावर नंतर बोलू.)

आता मी चाळीस वर्षं होड्या रंगवलेला माणूस. मला कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. म्हटलं, मारुती म्हणजे काय, चाकं लावलेली छोटी होडीच. श्रावणात होडीला लावून उरलेला ऑइलपेंटचा डबा होता, ब्रश होता, बॉनेट समोर होतं. दोन हात असे जाड दिले की माझी मलाच दृष्ट लागेल. पण आठ दिवस झाले तरी बोट लावलं की ठसा उठे. शेजारचं मांजर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं, त्याचा सगळा प्रवास बॉनेटवर उमटला. सगुणा म्हणाली, "गाडी रंगवताय का म्हावरं खारवताय?"

म्हणून अंधेरीला भीमराजच्या गॅरेजमध्ये जायचं ठरवलं. रंग डब्यात बघून कळत नाही, वस्तूवर बघावा लागतो, म्हणून मी गाडीचा एक दरवाजा काढला आणि डोक्यावर घेऊन वेसाव्याच्या फेरीबोटीत चढलो. फेरीवरचा नितेश सगळ्यांसमोर ओरडला, "चंदूशेट, बाकीची गाडी पोहत येते काय?" हसोत बापडे.

भीमराज म्हणजे देवमाणूस हो! त्याने मला लॅकर दाखवला, जो बघता बघता सुकतो पण पॉलिश मागत राहतो. मग चांदीची पूड घातल्यासारखा मेटॅलिक, मग मॅट, जो मला राखेने घासलेल्या पातेल्यासारखा वाटला. आणि शेवटी दोन डब्यांचा रंग! एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही एकत्र केले की दुधाला विरजण लागल्यासारखं, मग मागे फिरणं नाही, काही तासांत मारून मोकळं व्हायचं. वरून पारदर्शक क्लिअरचा हात. मी चारही रंगांचे पट्टे दरवाजावर मारून घेतले, दरवाजा परत आणला आणि बोंबील सुकवायच्या वलांडीवर महिनाभर खाऱ्या वाऱ्यात टांगला. लॅकर निस्तेज झाला, मेटॅलिकवर डाग पडले, मॅटने खवले धरून ठेवले. दोन डब्यांचा पट्टा मात्र असा राहिला की सगुणा त्यात बघून वेणी घालते!

रंग ठरला, पण पांढरा कुठला? भीमराजकडच्या पुस्तकात पांढरेच तीस! दाराच्या रबराखाली ऊन न लागलेला तुमचा जुना पांढरा सापडला, त्याच्याशी जुळवला. मग गाडी मालाडवरून फिरून गॅरेजला नेली. भीमराजने विचारलं, "काका, बॉनेटवर आधीचाच रंग आहे ना?" मी म्हटलं, "आधीचाच." (होडीचा रंग सांगायची लाज वाटली हो.) त्याने वरून नवा रंग मारला आणि बॉनेट दुधावरच्या सायीसारखं सुरकुतलं. भीमराज माझ्याकडे बघत राहिला. मी आभाळाकडे. "काका, खाली काय लावलंय?" शेवटी कबूल केलं. मग अख्खं बॉनेट पत्र्यापर्यंत खरवडावं लागलं. (खरवडताना जे निघालं ते खाली लिहितो.)

पण आता याल तेव्हा बघा! ऊन पडलं की बॉनेटवर नारळाची झाडं दिसतात, झावळी न् झावळी!

ताईला नमस्कार आणि श्रुतिकाला आशीर्वाद.

आपला,
चंदू

ता.क. : पट्ट्यांचा दरवाजाही रंगून झाला, पण सगुणा आरशाशिवाय राहायला तयार नाही. अजून बसवलेला नाही. समजूत घालतो आहे.

दुसरा ता.क. : ड्रायव्हर बघू नका. श्रुतिकाला घरी मी आणली, हॉलवरही मीच नेणार. हळू चालवीन. हवं तर मागे बसून "हळू" म्हणा.

तिसरा ता.क. : बॉनेट खरवडताना तुमच्या पांढऱ्याखाली लाल निघाला. चांगला जुना, पक्का लाल. भीमराज म्हणतो, गाडी आधी दुसऱ्या कुणाची तरी होती. मी त्याला गप्प बसवलं आहे. ताईचा काल फोन आला होता, खरवडल्यावर काय काय निघालं विचारत होती. मी "गंज" म्हटलं. ती पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करणार आहे. तुमचं उत्तर त्याच्या आत आलं तर बरं.