अंगणातला गुलाबी माड

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल अशी आशा आहे. वहिनीचे गुडघे कसे आहेत? (मी पाठवलेलं तेल गुडघ्यांना लागतंय की बाटली कपाटातच आहे, ते खरं कळव.) आम्ही इथे उन्हात भाजून निघतोय, पण मजेत आहोत.

तू एवढ्या लांबून, मांडीवर धरून आणलेला तो दुर्मिळ जातीचा नारळ, ज्याचं वरचं काथ्याचं सोडण आतून गुलाबी आणि पानांचे देठही गुलाबी, त्याचा माड आता ह्यांच्या कमरेला लागतोय. या झळांत माड कुठला जगायला, असं सगळी गल्ली म्हणत होती, त्यामुळे हे इरेला पेटले. आधी खड्डा खणला, त्यात वाळू आणि मीठ घातलं (मीठ माझ्या बरणीतलं, न विचारता). सावली हवी म्हणून पाहुण्यांच्या खोलीतला पडदा काढून काठ्यांवर ताणला. तेव्हा तू आलास की तुझ्या डोळ्यांवर ऊन येईल, ते गोड मानून घे. आणि उन्हाळा तापल्यावर तर कहर केला. खिडकीतला कूलर उलटा फिरवून त्याचं तोंड अंगणाकडे केलं. गार वारा माडाला आणि घरघर आम्हाला. मी कुरकुरले तर म्हणाले, मग तूही बाहेर येऊन बस. आता रोज संध्याकाळी आम्ही दोघं माडाशेजारी खुर्च्या टाकून बसतो. काय करणार.

घड्याळदुरुस्तीचं जुनं भिंग डोळ्याला लावून हे पानन् पान तपासतात. परवा शेंड्यात एक भुंगा सापडला, तो घड्याळाच्या चिमट्याने अलगद बाहेर काढला आणि शेजारच्या मास्तरीणबाईंना कौतुकाने दाखवायला गेले. तो उडून थेट त्यांच्या चहात. बाई तेव्हापासून आमच्याकडे चहाला नाही म्हणतात, हा एक फायदाच झाला म्हणायचा.

पण दादा, खरं सांगू? डोळे अधू झाले म्हणून दुकान बंद केल्यापासून हे भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेवायला चार हाका माराव्या लागत. आता माझ्याआधी उठून अंगणात असतात. मला किती बरं वाटतं ते तुला लिहून कळायचं नाही. सुट्टीत तू माड बघायला येतोयस म्हणून हे हरखून गेलेत.

तुझी,
धाकटी

ता. क. एक सांगायचं राहिलं. देठ हिरवेगार आहेत. तुझा नारळ ज्या पोत्यावर होता, तिथेच मी बाजारातला असोला नारळ ठेवला होता. एक सोलून फोडून द्या म्हटलं, तर ह्यांनी तुझाच फोडला आणि तो भाजीत गेला. मला हे पानं फुटल्यावर उमगलं. ह्यांना दिसत नाही तेच बरं. कळलं तर पुन्हा भिंतीकडे तोंड करतील. तेव्हा आल्यावर भुवया उंचावू नकोस. उन्हाने रंग उतरलाय म्हण.

आणखी एक ता. क. दादा, हे अक्षर तुमच्या मेहुण्याचं. पाकीट चिकटवायला हिने माझ्याकडे दिलं. मला वाचता येत नाही असा हिचा समज आहे, पण भिंग कशाला असतं? सोलतानाच मला गुलाबी दिसलं होतं, पण तोवर सोडण निघालं होतं. भावाचा नारळ वाया गेला म्हणून ही आठवडाभर रडली असती, म्हणून गुपचूप दुसरा लावला. गुलाबी सोडण त्याच खड्ड्यात तळाशी घातलंय, म्हणजे अगदीच खोटं नाही. तुम्ही हिने सांगितलंय तसंच बोला, मी मान डोलवीन. संध्याकाळी ही येऊन शेजारी बसते, ते मला मोडायचं नाही.

मात्र खोबरं काय गोड होतं म्हणून सांगू. येताना आणखी दोन आणा. एक लावायला.